रंग बदलला म्हणजे शिसे सापडले, असे नव्हे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

डीएनएपासून बनवलेल्या सेन्सरच्या बातम्या अलीकडे मराठी वृत्तपत्रांच्या विज्ञानाच्या पानांवर वरचेवर दिसतात. पाण्याच्या थेंबात शिसे ओळखणारी पट्टी, आर्सेनिक मिसळताच लालाचे निळे होणारे द्रावण, रक्तातून रोगाची खूण टिपणारा सेन्सर ॲरे. बातमीत एक आकडा हमखास असतो : किती सूक्ष्म प्रमाण ओळखता आले. तो बहुधा खरा असतो, पण तो प्रयोगशाळेतल्या डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्यात मिळालेला असतो. विहिरीच्या, बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यात त्याच सेन्सरचे काय झाले, ते बातमीत नसते. आणि वाचकाला नेमके तेच हवे असते. महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी हे सेन्सर आता सर्रास निवडले जातात, काही ठिकाणी त्यांवरून गावच्या पाण्याबद्दल निष्कर्षही काढले जातात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

येथे डीएनए वारशाचा वाहक म्हणून येत नाही, बांधकामाचा माल म्हणून येतो. दुहेरी पेडाची जाडी 2 नॅनोमीटर, एका पायरीपासून पुढच्या पायरीचे अंतर 0.34 नॅनोमीटर, सुमारे साडेदहा पायऱ्यांत एक वेढा. आणि कोणता धागा कोणाशी जुळेल हे ए-टी, जी-सी या जोड्यांवरून आधीच सांगता येते. नॅड्रियन सीमन यांनी 1982 मध्ये डीएनएच्या फांद्या एकमेकींत गुंतवून जाळी विणता येईल, ही कल्पना मांडली. 2006 मध्ये पॉल रोथेमुंड यांनी एम-13 या विषाणूचा सात हजारांहून अधिक न्यूक्लिओटाइडांचा लांब धागा दोनशेवर आखूड धाग्यांनी टाचून हव्या त्या आकारात दुमडून दाखवला. ती डीएनए ओरिगामी. सेन्सरच्या कामी मात्र याहून साध्या तीन गोष्टी अधिक उपयोगी पडल्या. 1990 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ॲप्टामर शोधण्याची पद्धत दिली : कोट्यवधी यादृच्छिक धाग्यांतून एखाद्या ठरावीक रेणूला चिकटणारे तेवढे पुन्हा पुन्हा निवडून काढायचे. 1994 मध्ये ब्रेकर आणि जॉइस यांनी शिशाचा आयन असेल तरच आरएनएचा बंध तोडणारा डीएनए मिळवला. असे डीएनए पुढे डीएनएझाइम म्हणून ओळखले जाऊ लागले. आणि 1996 मध्ये चॅड मर्किन यांच्या गटाने 13 नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांना डीएनए बांधून दाखवले, की धागे जुळले की द्रावण लालाचे जांभळे होते.

हा रंग कशाने बदलतो, ते नीट ध्यानात घेतले तर पुढचा सगळा गोंधळ समजतो. सोन्याचे कण एकमेकांपासून लांब असताना द्रावण माणकासारखे लाल दिसते. दोन कणांतले अंतर कणाच्या व्यासापेक्षा कमी झाले की शोषणाचे शिखर 520 नॅनोमीटरवरून पुढे सरकते आणि रंग जांभळा, मग निळा होतो. म्हणजे रंग फक्त एवढेच सांगतो : कण जवळ आले. ते शिशामुळे आले, मिठामुळे आले, आम्लामुळे आले की पिपेटच्या घाणेरड्या टोकामुळे, याची कसलीच माहिती त्या रंगात नसते.

आर्सेनिकचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. 2009 मध्ये आर्स-3 नावाचा, आर्सेनिकला धरणारा ॲप्टामर प्रसिद्ध झाला. पुढच्या दहा वर्षांत दोन डझनांहून अधिक शोधनिबंधांत तो वापरून आर्सेनिकचे सेन्सर बनवले गेले. कुठे सोन्याचे कण, कुठे चमकणारी रंगद्रव्ये. 2019 मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातील ज्युवेन लियू यांच्या गटाने साधा प्रश्न विचारला : हा धागा आर्सेनिकला खरेच चिकटतो का? त्यांनी उष्णतामापनाने, म्हणजे दोन रेणू जुळताना बाहेर पडणारी किंवा शोषली जाणारी उष्णता मोजून, ते तपासले. सोबत मनाला येईल तशा क्रमाचे काही धागेही तपासले. आर्स-3 आणि ते धागे यांत काहीच फरक निघाला नाही. धागा आर्सेनिकला धरतच नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मग आधीच्या निबंधांत रंग का बदलला? त्रिसंयुजी आर्सेनिक सोन्याच्या पृष्ठभागालाच चिकटते, आणि तो परिणाम कोणी वेगळा काढून पाहिला नव्हता, हे त्यांनी संभाव्य कारण म्हणून दिले. पुढच्याच वर्षी ॲम्पिसिलिनच्या प्रसिद्ध ॲप्टामरांबद्दल बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक पद्धतींनी तपासून असाच निष्कर्ष मांडला.

यात कोणी लबाडी केली असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. आकडे खरे होते, आलेखही खरे होते. नव्हता तो एक कंट्रोल : तेवढ्याच लांबीचा, त्याच अक्षरांचा, पण क्रम विस्कटलेला धागा. तो मागवायला फार खर्च येत नाही. तो घालून तोच रंग आला, तर सेन्सर डीएनएचा नाही, सोन्याचा आहे.

आता शिशाबद्दल. येथे परिस्थिती कितीतरी चांगली आहे, कारण शिशाचा डीएनएझाइम खरोखर काम करतो आणि तो अनेकांनी पडताळला आहे. इलिनॉय विद्यापीठात यी लू यांच्या गटाने 2000 मध्ये त्याचा चमकणारा सेन्सर केला आणि 2003 मध्ये सोन्याच्या कणांचा रंगीत सेन्सर. रचना अशी : एका धाग्यात मधोमध एकच आरएनएचा दुवा ठेवलेला असतो. दुसरा धागा, म्हणजे डीएनएझाइम, त्याला दोन्ही बाजूंनी धरून बसतो. शिसे आले की तो दुवा तुटतो. हा तुटणारा धागाच सोन्याच्या कणांना एकत्र बांधून ठेवत असेल तर कण सुटतात आणि निळ्याचे लाल होते. पहिल्या रूपात मिश्रण तापवून हळूहळू थंड करावे लागे. 2004 मध्ये कणांवरच्या धाग्यांची मांडणी बदलून आणि 42 नॅनोमीटरचे मोठे कण घेऊन तो रंगबदल खोलीच्या तापमानाला दहा मिनिटांच्या आत आणता आला.

पण यासाठी सोन्याचे कण चांगले हवेत, आणि प्रकल्प बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. काचेचे चंबू आणि चुंबकी कांडी ॲक्वा रेजियाने (तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग नायट्रिक आम्ल, फ्यूम हूडखाली, ताजे बनवून, कधीही बाटलीत झाकून न ठेवता) धुऊन मग डीआयोनाइज्ड पाण्याने अनेकदा खळखळून घ्यावीत. 1 मिलिमोलार क्लोरोऑरिक आम्लाचे 100 मिलिलिटर द्रावण रिफ्लक्स लावून खळखळ उकळू द्यावे, आणि ढवळणे चालू असतानाच 38.8 मिलिमोलार ट्रायसोडियम सायट्रेटचे 10 मिलिलिटर एकदम ओतावे, थेंबथेंब नव्हे. फिकट पिवळा रंग जातो, क्षणभर द्रावण रंगहीन, मग काळसर-जांभळे आणि काही मिनिटांत गडद लाल होते. आणखी पंधरा-वीस मिनिटे उकळून तसेच ढवळत थंड करावे. सुमारे 13 नॅनोमीटरचे, दर लिटरला साधारण 10 ते 13 नॅनोमोल कण मिळतात. क्लोरोऑरिक आम्ल वजन करताना स्टीलचा चमचा वापरला तर सोने तिथेच चमच्यावर उतरते. प्लॅस्टिकचा किंवा काचेचा घ्यावा. शेवटचा रंग गढूळ जांभळट राहिला तर काच स्वच्छ नव्हती असे समजून ते द्रावण बाजूला काढावे. त्यातून पुढे काही सुधारत नाही.

त्यानंतर या कणांना डीएनए बांधायचा. धाग्याच्या टोकाला थायॉल, म्हणजे सोन्याला चिकटणारा गंधकाचा गट लावून मिळतो, पण तो डायसल्फाइडच्या रूपात झाकलेला येतो. टीसीईपी या डायसल्फाइड तोडणाऱ्या रसायनाने तो तासभर आधी उघडावा लागतो. एका कणामागे 200 ते 300 धागे घ्यावेत, त्यांतले साधारण शंभरेक बसतात. कण आणि डीएनए दोघांवरही ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात. मीठ घातल्याशिवाय धागे दाटीने बसत नाहीत, आणि मीठ एकदम घातले तर अजून उघडे असलेले कण एकमेकांना चिकटून निळे पडतात. म्हणून जुन्या पद्धतीत सोडियम क्लोराइड 0.05 मोलारच्या पायऱ्यांनी दिवसभरात 0.3 मोलारपर्यंत नेतात. लियू यांच्याच गटाने 2017 मध्ये याला एक सोपा पर्याय दिला : थायॉल-डीएनए आणि कण एकत्र करून उणे 20 अंशांवर गोठवायचे आणि दोनेक तासांनी वितळवायचे. बर्फाचे स्फटिक वाढताना कण, डीएनए आणि मीठ उरलेल्या बारीक चिरांत रेटले जातात आणि तिथे धागे दाटीने बसतात. ज्या महाविद्यालयात नुसता डीप फ्रीझर आहे, तिथेही हे जमते. सोबत एका नळीत डीएनए न घालता नुसते कण गोठवावेत. ते निळे-करडे व्हायलाच हवेत, आणि डीएनएवाली नळी लाल राहायला हवी. दोन्ही लाल राहिल्या तर द्रावण गोठलेच नव्हते.

धागे बसले की सेंट्रिफ्यूजवर तीनदा धुऊन सुटा डीएनए काढून टाकायचा. हे धुणे बरेच जण एकदाच करतात. मग सुटे धागे जोडणीच्या जागा अडवतात, कण नीट बांधलेच जात नाहीत, आणि शिसे नसतानाही द्रावण लाल दिसते.

शिशाच्या चाचणीत बसणारे सर्वांत मोठे फटके मात्र सेन्सरमध्ये नसतात, बाटल्यांमध्ये असतात. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. मोलमध्ये सांगायचे तर 48 नॅनोमोलार. आता कृत्रिम डीएनए प्रयोगशाळेत बहुधा टीई बफरमध्ये (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) विरघळवून ठेवतात, आणि त्यात धातूचे आयन पकडून ठेवणारे ईडीटीए 1 मिलिमोलार असते. 100 मायक्रोमोलारचा साठा पातळ करून 1 मायक्रोमोलारवर आणला तरी 10 मायक्रोमोलार ईडीटीए सोबत येतेच, म्हणजे मर्यादेवरच्या शिशाच्या दोनशेपट. ते शिसे गिळून बसते आणि सेन्सर गप्प राहतो. जड पाण्यात ईडीटीएला कॅल्शियम आधीच भेटलेले असते, तरी शिशावरची त्याची पकड इतकी घट्ट आहे की कॅल्शियम सोडून ते शिसे धरते. म्हणून धागे पाण्यात किंवा ईडीटीए नसलेल्या बफरात विरघळवावेत. दुसरी बाटली पीबीएस या फॉस्फेटच्या बफराची. फॉस्फेटबरोबर शिसे न विरघळणारा साका बनवते. म्हणून हेपेस किंवा ट्रिस-ॲसिटेट हे फॉस्फेट नसलेले बफर घ्यावे, पीएच 7.2 च्या आसपास. तिसरी गोष्ट नमुन्याची बाटली. तटस्थ पाण्यातले शिसे काचेला चिकटून कमी होत जाते, म्हणून नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊन नायट्रिक आम्लाने पीएच 2 च्या खाली नेऊन ठेवतात. पण त्या आम्लात डीएनएझाइम काम करत नाही. चाचणीआधी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच पुन्हा सातपर्यंत आणावा लागतो, आणि तो ओलांडून फार वर गेला तर शिसे हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट होऊन खाली बसते व आरएनएचा दुवा अल्कलीने आपोआप तुटू लागतो. एकाच चुकीतून शिसे असून न दिसणे आणि नसून दिसणे, दोन्ही घडू शकते.

तोच आरएनएचा दुवा बोटांवरच्या आरएनेज विकराने सहज तुटतो. हातमोजे न घालता हाताळलेल्या किटमध्ये ब्लँकही, म्हणजे शिसे नसलेला पडताळ्याचा नमुनाही, ‘शिसे आहे’ असे सांगतो. ब्लँक न लावणाऱ्याला ते कधी कळतच नाही.

आता आपल्याकडच्या पाण्याकडे येऊ. दख्खनच्या बेसाल्टमधून येणारे विहिरीचे, बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. मानकानुसार एकूण कठीणपणा 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. 200 म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून 2 मिलिमोलार. सायट्रेटने झाकलेले, डीएनए न बांधलेले सोन्याचे कण दोन-तीन मिलिमोलार कॅल्शियमलाच एकत्र येऊ लागतात. ज्या सेन्सरमध्ये धागे कणांवर नुसते लोळत असतात आणि लक्ष्य आले की सुटतात, असे मानलेले असते, तो सेन्सर बोअरच्या पाण्यात लक्ष्य नसतानाही निळा होईल. उलट, शिशाचा जो सेन्सर निळ्याचा लाल होतो, त्यात हेच कॅल्शियम डीएनएच्या जोड्या घट्ट करते. दुवा तुटला तरी कण सुटत नाहीत, आणि शिसे असून द्रावण निळेच राहते. पाणी एकच, चुका दोन, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेला.

दुसरा मुद्दा जस्ताचा. पाण्याची जोडणी गॅल्वनाइज्ड, म्हणजे जीआय पाइपची असेल तर रात्रभर साचलेल्या पाण्यात जस्त उतरते. लिटरला 1 मिलिग्रॅम जस्त आरोग्याच्या दृष्टीने काहीच नाही, मानकाची मर्यादा 5 आहे. पण ते 15 मायक्रोमोलार होते, शिशाच्या मर्यादेच्या तीनशेपट. सर्वांत जास्त वापरला जाणारा 17ई हा डीएनएझाइम शिशाला सर्वाधिक दाद देतो हे खरे, तरी जस्तालाही थोडी देतोच, आणि तीनशेपट जस्तासमोर ती ‘थोडी’ नगण्य राहत नाही. जीआर-5 हा जुना, 1994 चाच क्रम जस्ताकडे जवळपास दुर्लक्ष करतो. तेव्हा प्रकल्पाच्या अहवालात ‘शिशाचा डीएनएझाइम वापरला’ एवढे पुरत नाही, कोणता ते लिहायला हवे.

उन्हाळा हा तिसरा. चमकणाऱ्या सेन्सरमध्ये रंगद्रव्य आणि त्याला विझवणारा गट दोन धाग्यांवर असतात. धागे आखूड असतात, कारण दुवा तुटल्यावर तुकडा आपोआप सुटायला हवा. पण म्हणूनच उष्णतेने ते शिशाशिवायही सुटतात. 2000 सालच्या मूळ प्रयोगात खोलीच्या तापमानाला पार्श्वभूमीची चमक इतकी होती की मोजमाप 4 अंशांवर केले होते. पुढे तुटणाऱ्या धाग्यावरच आणखी एक विझवणारा गट लावून 2003 मध्ये ती चमक दाबली. मे महिन्यात चंद्रपूरला किंवा अकोल्याला वातानुकूलन नसलेल्या खोलीत केलेले मोजमाप आणि जानेवारीत पुण्यात केलेले मोजमाप एकाच कॅलिब्रेशन रेषेवर वाचता येणार नाही. ज्या दिवशी नमुना, त्याच दिवशी, त्याच टेबलावर मानक द्रावणे चालवावीत.

हळदीबद्दलही विचारणा होते म्हणून एक वाक्य. हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार बांगलादेशात अभ्यासकांनी 2019 मध्ये सविस्तर नोंदवले आहेत. पण लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, आणि डीएनएझाइमला फक्त सुटा शिशाचा आयन दिसतो, त्यामुळे हळद पाण्यात कालवून पट्टी बुडवली तर भेसळ असूनही उत्तर ‘नाही’ येईल. नायट्रिक आम्लात पाचन केल्याशिवाय, म्हणजे तापवून विरघळवल्याशिवाय, ती चाचणीच नव्हे.

सेन्सर ॲरेकडे वळतो. येथे विचारच वेगळा आहे. एका द्रव्याला एकच अचूक कुलूप शोधण्याऐवजी, पाच-दहा ढिले सेन्सर घ्यायचे. प्रत्येक जण सगळ्यांना थोडीथोडी दाद देतो, आणि त्या सर्वांच्या आकड्यांचा जो नमुना बनतो त्यावरून द्रव्य ओळखायचे. आपले नाक सुमारे चारशे प्रकारच्या ग्राहकांवर हेच करते. डीएनए यासाठी सोयीचा, कारण अक्षरांचा क्रम बदलला की नवा सेन्सर तयार. ग्राफीन ऑक्साइडवर चमकणारे वेगवेगळे धागे बसवून, प्रथिन त्यांना किती उठवते ते मोजतात. किंवा कार्बन नॅनोट्यूबभोवती वेगवेगळे धागे गुंडाळून तिच्या अवरक्त चमकेतला बदल टिपतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील डॅनियल हेलर यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये डीएनए गुंडाळलेल्या नॅनोट्यूबच्या अशाच ॲरेने 269 स्त्रियांच्या रक्तद्रवाचे नमुने तपासून अंडाशयाचा एक गंभीर कर्करोग 98 टक्के विशिष्टतेला (तो कर्करोग नसलेल्यांपैकी 98 टक्के ‘नाही’ ठरतात) 87 टक्के संवेदनशीलतेने (असलेल्यांपैकी 87 टक्के सापडतात) ओळखला. प्रचलित चाचण्यांची बरोबरी किंवा किंचित सरशी, असे हे यश आहे आणि ते मोठे आहे.

पण 98 टक्के हा आकडा बातमीत येतो तेव्हा पुढचे गणितही यायला हवे. समजा, कुठलेही लक्षण नसलेल्या 10,000 स्त्रियांची चाचणी केली आणि त्यांत 5 जणींना खरेच कर्करोग आहे. 87 टक्क्यांनी त्यांतल्या 4 सापडतील. उरलेल्या 9,995 निरोगी स्त्रियांपैकी 2 टक्के, म्हणजे सुमारे 200 जणींनाही ‘संशयास्पद’ असे उत्तर येईल. त्यांना सोनोग्राफी, काहींना शस्त्रक्रिया. सेन्सर उत्तम असूनही सरसकट तपासणीला तो अजून का चालत नाही, हे एवढ्या गणिताने समजते.

विद्यार्थ्यांच्या ॲरे-प्रकल्पांत दोष वेगळे असतात. 96 कप्प्यांच्या दोन प्लेटांमध्ये सहा द्रव्ये, पाच धागे, प्रत्येकी सहा वाचने घेतली की 180 आकडे होतात. ते सॉफ्टवेअरमध्ये टाकले की रंगीत पुंजके अगदी सुटे सुटे दिसतात आणि ‘100 टक्के अचूक’ असे लिहिले जाते. ती सहा वाचने एकाच नळीतून, एकाच दिवशी काढलेली असतील तर ती सहा नाहीत, एकच आहे. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वजन करून बनवलेली द्रावणे हवीत, आणि तपासणीचे नमुने दुसऱ्या कोणीतरी चिठ्ठ्या बदलून दिलेले हवेत. प्लेटच्या कडेच्या कप्प्यांतून पाणी लवकर उडते. एक द्रव्य नेहमी कडेला ठेवले तर ॲरे त्या द्रव्याला ओळखत नसतो, कडेला ओळखत असतो. द्रव्यांच्या जागा उलटसुलट कराव्यात. सर्वाधिक वापरले जाणारे फॅम हे रंगद्रव्य पीएच सातच्या खाली चमक गमावू लागते, त्यामुळे सहा प्रथिने सहा वेगवेगळ्या बफरांतून आली असतील तर पुंजके बफरांचे पडतील. सगळी द्रव्ये एकाच बफरात डायलिसिस करून आणावीत आणि नुसत्या बफराचाही एक पुंजका आलेखावर दाखवावा. आणि ॲरेला जे शिकवले तेवढेच तो ओळखतो. सहा द्रव्ये शिकवून सातवे दिले, तर तो ‘माहीत नाही’ म्हणत नाही. सहांपैकी एकाचे नाव घेतो. ‘यांपैकी कोणीच नाही’ हे उत्तर गणितात मुद्दाम बसवावे लागते, आणि फार थोडे जण ते बसवतात. प्रमाण बदलले की नमुनाही बदलतो, ही आणखी एक अडचण. एकाच सांद्रतेला शिकवलेला ॲरे निम्म्या सांद्रतेला दुसरेच नाव घेऊ शकतो.

या सगळ्यावर उपाय निघत आहेत आणि त्यांतले काही आपल्या जवळचे आहेत. मिठाच्या त्रासावर पीएनए हा डीएनएसारखा कृत्रिम रेणू एक मार्ग. 1991 मध्ये कोपनहेगनमध्ये पीटर नील्सन व सहकाऱ्यांनी तो बनवला. त्याच्या कण्याला भारच नाही, त्यामुळे डीएनएशी जुळताना त्याला मिठाची गरज लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश यांनी पीएनएच्या कण्यात बदल करून त्याची पकड सुधारण्यावर वर्षानुवर्षे काम केले. विकरांच्या हल्ल्यावर आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा डीएनए हा उपाय; नैसर्गिक विकरांना तो पचत नाही. दिल्लीच्या जनुकशास्त्र व एकात्मिक जीवविज्ञान संस्थेने 2020 मध्ये क्रिस्पर हे ठरावीक जनुकीय क्रम ओळखणारे तंत्र वापरून कोविडची फेलुदा कागदी पट्टी केली. आणि साठवणीचा प्रश्न गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या चाचणीने चांगला हाताळला आहे : अभिकर्मके वाळवून छोट्या नळ्यांत भरलेली, यंत्र बॅटरीवर चालणारे, म्हणून क्षयाची जनुकीय तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये तिला मान्यता दिली. तिथे थुंकीपासून डीएनए वेगळा काढण्याचे स्वतंत्र यंत्र सोबत दिलेले आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. नमुना साफ करण्याला त्यांनी चाचणीइतकेच महत्त्व दिले.

आपल्या वृत्तपत्राला आमची विनंती अशी. डीएनए-सेन्सरची बातमी छापताना ‘किती सूक्ष्म’ या आकड्यासोबत आणखी तीन गोष्टी संशोधकांना विचाराव्यात आणि उत्तर छापावे : चाचणी कोणत्या पाण्यात किंवा रक्तात झाली, क्रम विस्कटलेला धागा घालून काय दिसले, आणि त्याच नमुन्याचे उत्तर आयसीपी-एमएससारख्या, धातूंचे अणू थेट मोजणाऱ्या प्रस्थापित पद्धतीने काय आले. तिन्हींचे उत्तर दोन ओळींत मावते.

ज्या शिक्षकांना गावच्या पाण्यावर असा प्रकल्प करायचा आहे, त्यांच्यासाठी एक पडताळा फार स्वस्त आहे. नमुन्याचे 9.9 मिलिलिटर पाणी घ्यावे आणि त्यात लिटरला 1 मिलिग्रॅम असलेल्या प्रमाणित शिशाच्या द्रावणाचे 0.1 मिलिलिटर घालावे. त्या पाण्यात आता मूळ शिशाखेरीज लिटरला 10 मायक्रोग्रॅम शिसे वाढले. सेन्सरने दोन्ही पाण्यांत दाखवलेल्या आकड्यांचा फरक 8 ते 12 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान आला तर त्या पाण्यात तो सेन्सर वापरण्याजोगा आहे. फरक 2 आला तर पाण्यातले किंवा बफरातले काहीतरी शिसे झाकत आहे. 25 आला तर दुसरेच काहीतरी शिशाचे सोंग घेत आहे. दोन्ही वेळा गावाला कुठलाही आकडा सांगू नये. पहिला नमुना पहाटे, नळ कोणी उघडण्याआधी घ्यावा, कारण पितळी तोट्यांतून आणि शिशाचे स्थिरकारक वापरलेल्या जुन्या पीव्हीसी पाइपांतून शिसे साचलेल्या पाण्यातच उतरते. दुसरा नमुना पाच मिनिटे पाणी सोडून दिल्यावर घ्यावा. दोन्ही बाटल्यांतले निम्मे पाणी आम्ल घालून वेगळे ठेवावे आणि जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवावे.

आपले विश्वासू,
वैश्लेषिक रसायनशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राचे काही अध्यापक, पुणे